रेताड जमिनीवर रस्ता करताय? या चुका टाळा

नागपूरकडच्या रस्तेवाल्यांचा हात बसलेला असतो काळ्या मातीवर. पावसात फुगणारी, उन्हात भेगाळणारी ती माती चुन्याने वठणीवर येते, हे साइटवरच्या मुकादमालाही ठाऊक असतं. घोळ होतो तो कन्हान नदीकाठच्या रेताड पट्ट्यात, तोच उपाय डोळे झाकून केला की.

चुना चिकणमातीशी रासायनिक क्रिया करतो, म्हणून काळी माती सुधारते. रेतीत चिकणमातीच नसेल तर तो कशाला धरणार? एका गावरस्त्यावर चुना मिसळून, पाणी देऊन, रोलर फिरवून आठवडा झाला होता. मी बुटाची टाच दाबली, तर ती सरळ आत गेली. हात घातला, तर पांढरट रेती बोटांतून तशीच ओघळली. म्हणून आधी ओल्या रेतीचा गोळा करून उन्हात वाळवा. बोट लावताच भुगा झाला, तर एकट्या चुन्याचा नाद सोडा. चाळणीची (कण किती जाड-बारीक) आणि प्लास्टिसिटीची (माती किती चिकट) चाचणी मात्र तरीही करून घ्याच.

अशा रेतीला सिमेंट लागतं. ते किती, हे 7 दिवसांच्या ताकदीची चाचणी सांगेल. शेजारच्या कामाचा आकडा उचलू नका. सगळे कण एकाच आकाराचे असतील तर सिमेंट जास्त खातं. त्यात आधी बारीक माल मिसळला की पोकळ्या भरतात आणि सिमेंट वाचतं. ‘असू दे थोडं जास्त’ म्हणूनही चालत नाही, थर आकसतो आणि त्याच्या भेगा डांबरातून वर येतात.

कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांची राख हाताशी आहे, पण ती एकटी बांधून धरत नाही. तिला चुन्याची किंवा सिमेंटची जोड हवीच.

सिमेंट मिसळल्यापासून 2 तासांत दबाई संपली पाहिजे. मे महिन्यात इथे पारा 45 अंशांवर जातो, तेव्हा तेवढाही वेळ मिळत नाही. पहाटे सुरू करा, तुकडे लहान घ्या. दबाईला व्हायब्रेटरी रोलर सपाट ड्रमचाच हवा. दातेरी ड्रम चिकणमातीसाठी असतो. दोन्ही बाजूंच्या मुरमाच्या पट्ट्या आधी बांधा, नाहीतर रेती रोलरखालून बाजूला सरकते. लेव्हल कमी भरली म्हणून वरून पातळ थर मारू नका, तो पापुद्र्यासारखा सुटतो. थोडी उंच ठेवून नंतर खरवडणं बरं. त्यानंतर 7 दिवस थर ओला ठेवा. दुपारी टँकर आला नाही, तर ओली गोणपाटं तरी अंथरा.

आणि चुना आधीच टाकून बसला असाल, तर सगळं उपसू नका. त्यात राख मिसळून नमुने घ्या, ताकद येते का बघा. फक्त हे लगेच करा, कारण उघड्यावर पडलेला चुना हवेने दिवसेंदिवस निकामी होत जातो.