केळी-ओट्सच्या कुकीज: आधी फळातलं पाणी आटवा

नांदेडला राहिलं की अर्धापूरची केळी घरात कायम असतात, आणि घडातली शेवटची पाच-सहा नेहमी काळी पडतात. त्या केळ्यांच्या कुकीज मी गेली कित्येक वर्षं करतेय. "केळी कुस्करा, ओट्स मिसळा, भाजा" एवढंच सांगणाऱ्या पाककृती मात्र वाचवत नाहीत. तसं केलं की कुकी होत नाही, ओलसर वडी होते.

साल काढून ३०० ग्रॅम पिकलेली केळी, २०० ग्रॅम जाड ओट्स (पटकन शिजणारे भुरभुरीत नकोत), ६० ग्रॅम कणीक, ८० ग्रॅम तूप, ८० ग्रॅम किसलेला गूळ, मूठभर मनुके, दोन-तीन खजूर चिरून, पाव चमचा खायचा सोडा, वेलदोडा, चिमूटभर मीठ. एवढ्यात चोवीस-पंचवीस कुकीज होतात.

आता केळ्यांचं. पिकलेल्या केळ्यात जवळपास तीन चतुर्थांश पाणी असतं. ते पिठात गेलं की ओट्स भाजले जाण्याऐवजी वाफेवर शिजतात आणि वरून तांबूस दिसणारी कुकी आतून चिकट राहते. माझ्या सुरुवातीच्या तीन खेपा अशाच गेल्या. पीठ सैल वाटलं म्हणून मी कणीक वाढवली, कारण सगळे तेच सांगत होते. पाणी होतं तिथंच राहिलं, वर चव मेली आणि कुकीज दडदडीत झाल्या. सैल पिठावर कणीक हा उपाय नाही, पाणी आधीच काढायला हवं.

म्हणून केळी कुस्करून जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर परता. तूप, साखर काही नको. पंधरा मिनिटं लागतात आणि उलथणं हातातून सोडायचं नाही, केळं फार लवकर बुडाला लागतं. रंग बदामी होतो, गर कढई सोडून गोळ्यासारखा फिरायला लागतो, उलथण्यानं मधे रेघ ओढली तर ती लगेच भरून येत नाही. खात्री हवी असेल तर वजन करा: ३०० ग्रॅमचा गर १८० च्या आसपास आला पाहिजे.

मग तो ताटात पसरून पूर्ण गार करा. कोमट चालेल असं मनाशी म्हणू नका. माझी चौथी खेप त्यानंच बिघडली: गर नीट आटवला होता, पण घाईनं तुपात घातला, तूप पातळ झालं आणि भाजताना ट्रेवर सगळ्या कुकीज पसरून एकमेकींना चिकटल्या. मराठवाड्याच्या एप्रिल-मेमध्ये तर तूप बरणीतच पाण्यासारखं असतं. ते तासभर फ्रीजमध्ये ठेवून रवाळ घट्ट झालं की मगच घ्या.

घट्ट तूप आणि गूळ हलकं होईतो फेसा, गार गर घाला, मग बाकीचं सगळं. कणकेऐवजी निम्मं ज्वारीचं पीठ चालतं. सगळंच ज्वारीचं घेतलं तर कुकी हातात मोडते. पीठ अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, तेवढ्यात ओट्स उरलेला ओलावा पितात.

गोळे करून बोटभर जाडीचे चपटे करा. तापलेल्या ओटीजीत १७० अंशांवर १८ ते २० मिनिटं. बाहेर काढल्यावर मऊ लागतात म्हणून परत आत ढकलू नका. दहा मिनिटं ट्रेवरच राहू द्या, आपोआप कडक होतात.

दुसरी फळं घालायची असतील तर एक गोष्ट कळकळीनं सांगते. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि नुसतं खायला त्याच्या तोडीचं फळ नाही. पण ते ओटीजीत घालू नका. सीताफळाचा गर तापला की कडवट होतो. गूळ दुप्पट केला तरी तो कडूपणा जात नाही. केसर आंब्याचा रस आटवत बसण्यापेक्षा आंब्याची पोळी बारीक कातरून घाला, तिच्यातलं पाणी उन्हानं आधीच ओढलेलं असतं. जालन्याची मोसंबी असेल तर सालीचा फक्त वरचा रंगीत भाग किसून घ्या; पांढरा भाग आला की कडू.

पूर्ण गार झाल्यावरच स्टीलच्या डब्यात भरा, गरम भरल्या तर वाफ धरून सादळतात. चार-पाच दिवस राहतात. पावसाळ्यात मऊ पडल्या तर १५० अंशांवर पाच मिनिटं तापवून घ्या.