दूषित मातीची योजना तपासायला बसताना

पिंपरी, भोसरी, हडपसर भागात जुने कारखाने बंद होऊन त्या जागी गृहप्रकल्प उभे राहताहेत. जिथं प्लेटिंग (धातूवर दुसऱ्या धातूचा मुलामा चढवणं) चालायचं, डिझेलच्या टाक्या होत्या, तिथली माती पाया खोदण्याआधी साफ करावी लागते, आणि त्या सफाईची योजना कुणीतरी नीट तपासावी लागते. गेली नऊ वर्षं मी हे काम करते. सिव्हिल, पर्यावरणशास्त्र किंवा भूशास्त्र शिकून या कामात येणाऱ्यांसाठी हे लिहितेय.

पहिली योजना मी पहिल्या पानापासून ओळीनं वाचली. तक्ते जुळवले, एककं तपासली, चुका लाल पेनानं खुणावल्या. सरांनी फक्त नकाशा उघडला आणि विचारलं, "बोअर कुठं घेतलेली नाहीत?" बोअर म्हणजे मातीचे नमुने काढायला पाडलेली भोकं. मला सांगता आलं नाही.

त्याचं उत्तर भोसरीतल्या एका प्लॉटवर मिळालं. बारा बोअर, वीस-वीस मीटरवर चौकटीत बसवलेली, सगळे निकाल मर्यादेत. गेटवरचे मामा कारखाना चालू असल्यापासून तिथंच होते. चहा घेताना विचारलं, पाणी कुठून जायचं? ते उठलेच. "ताई, हौद हितं होता. पिवळं पानी ह्या भिंतीच्या कडंनं जायचं. तुमची भोकं समदी तिकडं." ती जागा बरोबर दोन बोअरच्या मधे पडत होती. जेसीबीनं चर घेतला. वरची मीटरभर काळी माती स्वच्छ दिसली. खाली मुरूम लागला, आणि त्यात हळदीचं बोट ओढल्यासारखी पिवळी रेघ. प्रयोगशाळेनं हेक्झाव्हॅलंट क्रोमियम, म्हणजे क्रोमियमचं विषारी रूप, कळवलं.

आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. सांडलेलं त्या भेगांतून थेट खाली उतरतं, पावसाळ्यात माती फुगली की भेगा मिटतात आणि वर काही खूण उरत नाही. मुरमाखाली फुटका कातळ. त्याच्या सांध्यांतून पाणी कोणत्या विहिरीकडं जाईल याचा नुसत्या उतारावरून अंदाज बांधू नका. म्हणून वरच्या अर्ध्या मीटरचेच नमुने असलेली योजना मी परत पाठवते. कारखान्याचा जुना आराखडा मागवा, गूगल अर्थवर मागच्या वर्षांची चित्रं बघा, आणि जुन्या माणसांशी बोला.

दुसऱ्या टोकाची चूकही होते. दख्खनच्या बेसाल्टपासून बनलेल्या मातीत क्रोमियम, निकेल, तांबं मुळातच बरंच असतं. परदेशी मर्यादा जशाच्या तशा लावल्या तर कारखान्याचं नखही न लागलेली जमीन दूषित ठरेल. शेजारच्या, तशाच मातीच्या पण कारखान्यापासून लांबच्या जागेचे नमुने अहवालात आहेत का, हे आधी बघा. नसतील तर पुढचं गणित अधांतरी आहे.

लीचिंग चाचणीबद्दल, म्हणजे मातीतलं किती द्रावणात सुटून येतं हे बघणाऱ्या चाचणीबद्दल, नवीन मुलांचा हमखास गोंधळ होतो. टीसीएलपी नावाच्या त्यातल्या ठरलेल्या चाचणीत मातीच्या वीसपट वजनाचं द्रावण घेतात. म्हणजे मातीत एकूण शिसं किलोला ६० मिलिग्रॅम असेल, तर सगळंच्या सगळं सुटलं तरी लिटरला ३ मिलिग्रॅमच्या वर जाणार नाही. तक्त्यात ६ दिसले, तर दोनपैकी एक आकडा चुकलेला आहे. हा भागाकार मी दर वेळी करते. आणि २०१६ च्या घातक कचरा नियमांतली या चाचणीतली शिशाची लिटरला ५ मिलिग्रॅमची मर्यादा कचरा घातक आहे का, एवढंच ठरवते. त्या जमिनीवर लहान मूल खेळू शकेल का, हे ती सांगत नाही. हे दोन प्रश्न एकत्र केलेली योजना सहीसाठी आली, तर कितीही घाई असो, थांबवा.

मग घनफळ. ३० बाय २० मीटर, दीड मीटर खोल म्हणजे ९०० घनमीटर. पण खोदलेली माती फुगते. पंचवीस टक्के धरले तरी सव्वाअकराशे, म्हणजे दहा घनमीटरच्या डंपरच्या शंभरावर खेपा. घातक ठरलेली माती रांजणगावच्या प्रक्रिया केंद्राकडं जायची असेल, तर प्रत्येक खेपेचा मॅनिफेस्ट, म्हणजे माती कुठून कुठं गेली याची नोंद असलेला कागद, लागतो. खेपा आणि मॅनिफेस्ट यांची संख्या जुळत नसेल, तर उरलेली माती कुणाच्या तरी शेतात भराव म्हणून पडलेली असू शकते. खोदून झाल्यावर खड्ड्याच्या तळाचेच नाही, चारही बाजूंचे नमुने मागा. खोदाई जूनमध्ये धरली असेल, तर खड्ड्यात साचणारं पाणी कुठं जाणार, तेही लेखी घ्या.

२०२५ मध्ये दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र केंद्रीय नियम आले आहेत. मूळ नियम स्वतः वाचा, दुसऱ्यानं केलेल्या सारांशावर राहू नका.

भोसरीच्या त्या प्लॉटवर भिंतीच्या टोकाला मजुरांच्या पत्र्याच्या शेड होत्या. योजनेत बाधा कुणाला होऊ शकते, या मथळ्याखाली "भविष्यातील रहिवासी" एवढंच लिहिलेलं. शेडच्या दारात दोन मुली मातीत भातुकली मांडून बसल्या होत्या, एकीनं ओल्या मातीच्या भाकऱ्या थापून ओळीनं वाळत घातलेल्या. माझ्या शेऱ्यांत पहिला मुद्दा तोच गेला: खोदाईआधी शेड गेटपलीकडं हलवा, प्यायचं पाणी टँकरचं द्या, धूळ बसवायला दिवसातून तीनदा पाणी मारा. पुढच्या भेटीत शेड हललेल्या होत्या. त्या जुन्या जागेतले चार नमुने मी समोर उभं राहून घ्यायला लावले.