जुन्या, झिजलेल्या कुलपांवर पिकिंगचा सराव कसा करावा

किल्लीशिवाय कुलूप उघडायला शिकणारा बहुतेकदा अडगळीतल्या जुन्या कुलपापासून सुरुवात करतो. ते बिघडलं तरी हळहळ नसते. पण झिजलेलं कुलूप दोन्हीकडून फसवतं. कधी नुसतं ढवळलं तरी उघडतं, तर कधी आतल्या मळामुळे असं अडतं, की दोष आपल्या हाताचाच वाटतो.

कुलूप स्वतःचं हवं किंवा मालकाने परवानगी दिलेलं हवं, आणि वापरात नसलेलं हवं. दाराच्या कुलपावर सराव करताना आतली एखादी पिन (किल्ली उचलते ती स्प्रिंगखालची छोटी दांडी) अडकली, तर दार किल्लीनेही उघडणार नाही. पिक, म्हणजे किल्लीशिवाय कुलूप उघडायची हत्यारं, बाळगण्याबद्दल तुमच्याकडचा कायदा काय म्हणतो, तेही आधी बघून घ्या.

आता कुलपाचा प्रकार ओळखा. किल्ली सपाट आणि तिच्या कडेला करवतीसारखे उंचसखल दाते असतील, तर बहुधा ते पिनचं कुलूप. लायनस येल (धाकटा) याने १८६० च्या दशकात ज्याची पेटंटं घेतली, तीच ही रचना. गोल दांड्याला चौकोनी पायऱ्यांचं पातं असलेली किल्ली बहुधा लिव्हरच्या कुलपाची. त्याची हत्यारं वेगळी आणि तंत्रही वेगळं. सराव पिनच्या कुलपावरच सुरू करा.

मग सफाई. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण निम्मं यश इथेच आहे. किल्लीच्या फटीत साफसफाईचा स्प्रे मारा, किल्ली आतबाहेर करा आणि फडक्याला पुसा. सुरुवातीला किल्ली काळी होऊन निघेल. ती स्वच्छ निघेपर्यंत हेच करत राहा. कुलूप पूर्ण वाळलं की चिमूटभर ग्राफाइटची पूड घाला. तेलावर ग्राफाइट टाकू नका, दोन्ही मिळून चिकट लगदा होतो.

हत्यारं दोनच पुरेत: टेन्शन देणारी वाकडी पट्टी आणि एक हुक. पट्टी न लावता आधी हुकाने एकेक पिन वर उचलून सोडा. प्रत्येक पिन स्प्रिंगच्या जोराने खाली आली पाहिजे. एखादी वरच राहिली, तर पुन्हा सफाई. तरीही येत नसेल, तर स्प्रिंग गेली आहे. ते कुलूप खोलून बघायला उत्तम, सरावाला नाही.

आता पट्टी फटीत घालून किल्ली फिरवतो त्या दिशेला हलका दाब द्या. पिकलेलं फळ चाचपताना बोट जेवढं दाबतं, तेवढाच. पिनांची भोकं कधीच तंतोतंत एका रेषेत नसतात, म्हणून दाब दिला की एखादी पिन इतरांआधी जखडते. तीच शोधायची आणि ‘टिक’ होईपर्यंत सावकाश उचलायची. लगेच दुसरी जखडते. असं करत सगळ्या बसल्या की आतला भाग फिरतो.

जुन्या कुलपात खरी गोची इथे होते. कडा झिजून गोल झालेल्या असतात, त्यामुळे टिक बोथट येते. शिवाय मळाने चिकटलेली पिनही जखडल्यासारखीच वाटते. फरक ओळखायला दाब क्षणभर पूर्ण सोडा. जखडलेली पिन लगेच सैल होते, चिकटलेली तशीच घट्ट राहते. त्यानंतर सगळ्या पिना खाली पडलेल्या असतात, म्हणून पुन्हा पहिल्यापासून. पिना वारंवार गरजेपेक्षा वर जाऊन अडकत असतील, तर दाब जास्त होतोय. नवशिके जवळजवळ नेहमीच जास्त दाबतात.

रेक नावाच्या नागमोडी पिकने खरवडून झिजलेली कुलपं पटकन उघडतात. मजा येते, पण त्यातून हाताला फारसं काही कळत नाही. त्यापेक्षा एकेक पिन बसवा आणि क्रम कागदावर लिहा, उदाहरणार्थ ३-१-५-२-४. पुढच्या खेपेला साधारण तोच क्रम आला, तर तुम्हाला पिना खरंच जाणवताहेत. दर वेळी वेगळाच आला, तर बहुधा अजून अंदाजाने चाललंय, किंवा झिजेमुळे कुलपालाच पक्का क्रम उरलेला नाही.

हे तपासायला कमी पिनांचं एक साधं नवं कुलूप आणा. त्यात टिक स्पष्ट येते, पण आतल्या भागांमध्ये मोकळी जागा कमी असल्याने ते चुकाही कमी खपवून घेतं. नवं आणि जुनं आलटून पालटून हातात घ्या.