चार कादंबऱ्या, चार ‘मी’: परीक्षण लिहायला बसणाऱ्यांसाठी

परीक्षण लिहायचं म्हटलं की नवखा माणूस आधी कथानक सांगायला घेतो. सगळी जागा त्यातच जाते आणि शेवटी ‘एकंदरीत वाचनीय’ एवढंच म्हणायचं उरतं. म्हणून वाचायला सुरुवात करतानाच वहीत एक प्रश्न लिहून ठेवा: हे सगळं कोण सांगतंय, आणि त्याला किंवा तिला काय काय दिसत नाही? यंदा थंडीच्या महिन्यात वाचलेल्या माझ्या चारही कादंबऱ्या प्रथमपुरुषी निघाल्या, त्यामुळे हा प्रश्न चांगलाच कसाला लावता आला.

विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ (१९३९) छोटी आहे. युरोपातून निघालेलं जहाज, त्यावर हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू, आणि मायदेशी परतणारा चक्रधर. जर्मन ज्यू हॅर्टाशी त्याचे सूर जुळतात. बराच वेळ हॅर्टा आपल्याला फक्त त्याच्या नजरेतून दिसते, पण शेवटाकडे तिची पत्रं येतात आणि ती स्वतः बोलू लागते. परीक्षणात पत्रांतला मजकूर सांगू नये. तिचा आवाज इतक्या उशिरा का आला, हे मात्र जरूर लिहावं. तेवढ्याने रहस्य फुटत नाही आणि कादंबरीची बांधणीही वाचकाला कळते.

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’तला (१९५५) मास्तर याच्या उलट. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला आलेला हा पोरसवदा मास्तर स्वतःबद्दल फारसं बोलतच नाही. कारभारी, आनंदा रामोशी, आयबू अशी एकेक माणसं समोर येतात. हिच्याबद्दल ‘गोष्ट पुढे सरकत नाही’ अशी तक्रार ऐकू येते. मला ती पटत नाही. तालीम उभी राहते, मग दुष्काळ येतो, वाडी रिकामी होते, आणि हे सारं मास्तर आवाज न चढवता सांगतो. असं विधान करायचं असेल तर वाचतानाच पानाचा क्रमांक टिपून ठेवा. नंतर तो परिच्छेद शोधण्यात संध्याकाळ जाते.

सगळ्यात जास्त वेळ घेतला भालचंद्र नेमाड्यांच्या ‘कोसला’ने (१९६३). पांडुरंग सांगवीकर खेड्यातून पुण्याला शिकायला जातो आणि परत येतो. कथानक म्हणाल तर एवढंच. मध्ये एक वर्ष चक्क डायरीच्या रूपात येतं. तो थट्टा करत बोलतो, आणि धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूपाशी तीच थट्टा त्याला पुरेनाशी होते. हा मृत्यू मी परीक्षणात उघड सांगितला. तिथे पुढे काय होतं याला महत्त्व नाही, तो ते कसं सांगतो याला आहे. आधी कळलं तरी ती पानं तितकीच अंगावर येतात. ‘रणांगण’च्या शेवटाचं तसं नाही, म्हणून तो झाकून ठेवला. काय सांगायचं आणि काय राखायचं याचा सरसकट नियम करू नका, त्या-त्या पुस्तकाला विचारा.

आणखी एक. पांडुरंगाचा उद्धटपणा म्हणजे नेमाड्यांचा उद्धटपणा असं लिहू नका. निवेदक आणि लेखक यांची गल्लत नवख्या परीक्षणांत सर्रास दिसते, आणि (खरं तर) जुन्या परीक्षणांतही.

हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ वाचली की ही गल्लत करताच येत नाही. इथली ‘मी’ यमुना आहे, लिहिणारा पुरुष. एकोणिसाव्या शतकातल्या घरात वाढणारी मुलगी, मग सून, मग विधवा, अशी ती स्वतःची हकिगत सांगते. स्वयंपाकघरातली कुजबुज, माहेरचे बारीकसारीक अपमान यांचा तपशील तिच्या तोंडी खरा वाटतो का, हे तपासून पाहण्यात या परीक्षणाची खरी मजा आहे. मला बहुतेक ठिकाणी वाटला. जिथे ती एकदम सुधारकाच्या थाटात बोलते, तिथे नाही.

वेग संथ आहे, हे खरं. पण ती आधी ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः येत होती. आठवड्याला एक तुकडा वाचणाऱ्याला आधीचं पुन्हा आठवून देणं भागच होतं. परीक्षणात ही पार्श्वभूमी द्या, मात्र तिच्या आडोशाने मत गिळू नका. मी पुनरुक्तीचं कारण सांगितलं आणि लगेच खाली लिहिलं की सासरच्या भागातली काही प्रकरणं आजही लांबलेली वाटतात.