नळी अजून खोडाशीच आहे का?

चैत्र लागला की फोनवर एकच प्रश्न येतो, "भाऊ, कोणती जात उन्हात तगते?" सटाणा, देवळा, मालेगावकडून डाळिंबासाठी, निफाड-दिंडोरीकडून द्राक्षासाठी. मी उलट विचारतो, ड्रीपची, म्हणजे ठिबकची, नळी कुठंय? उत्तर ठरलेलं. लावणीच्या वर्षी खोडाशी टाकली, ती तिथंच.

गेल्या उन्हाळ्यात सटाण्याकडं भगवा जातीच्या डाळिंबाची पाच वर्षांची बाग पाहिली. पानं मिटलेली, पश्चिमेच्या बाजूच्या फळांवर तपकिरी चट्टे. मालक म्हणे, पाणी रोज चालू आहे. खोडाजवळ खुरप्यानं उकरलं तर चिखल, आंबूस वासाचा. तीन फूट सरकून झाडाच्या घेराच्या (फांद्यांच्या पसाऱ्याच्या) कडेला उकरलं तर नुसता फुफाटा, आणि त्यात पांढरी मुळी वाळून सुतळीसारखी झालेली. पाणी पिणारी मुळी तिथं, पाणी इथं. वर खोडाशी कायम ओल म्हणजे मर रोगाला आवतण. पडवीत मात्र झाडाचा ताण घालवणाऱ्या तीन महागड्या बाटल्या, दुकानदारानं उधारीवर दिलेल्या.

आता जातीचं. कोरडवाहूला बोर आणि सीताफळ खरी कणखर. दोन्ही ऐन उन्हाळ्यात पानं गाळून गप्प बसतात, पाणी मागतच नाहीत. गावठी बोरावर जागेवरच उमराण जातीचा डोळा भरला (कलम केलं) तर सोटमूळ शाबूत राहतं. सीताफळात बाळानगर घ्या. येवला-नांदगावच्या मुरमाड रानात यापेक्षा बिनघोर काही नाही.

डाळिंब काटक म्हणतात, पण आपली बहुतेक बाग गुटीची, म्हणजे फांदीलाच मुळ्या फोडून केलेल्या कलमाची. गुटीला सोटमूळ नसतं, मुळ्या वरच्या दीड-दोन फुटांतच पसरतात. म्हणून ऊन लागतं ते आधी मुळीला. त्यात भगवा फुलापासून तोडणीपर्यंत सहा महिने घेतो. गणेश जात त्याआधी उरकते, आरक्ता त्याहून आधी. आंबे बहार (जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलांचा) धरला असेल आणि विहीर मेअखेर तळ दाखवणार असेल तर आताच एक तृतीयांश फळं उतरवा. जीवावर येतं, पण सगळी फळं लिंबाएवढी राहण्यापेक्षा बरं.

द्राक्षात थॉमसन असो की सोनाका, उन्हातला फरक खुंटाचा, म्हणजे ज्या मुळावर कलम बांधलं त्याचा. डॉगरिज हा खुंट दुष्काळ आणि खारं पाणी दोन्ही सोसतो, पण भारी जमिनीत वेल नुसता माजवतो. तिथं ११० आर बरा. स्वतःच्या मुळावरच्या जुन्या बागेत खरड छाटणीनंतर (एप्रिलच्या) काडीत घड तयार होण्याच्या काळात, म्हणजे ४० ते ६० दिवसांत, पाण्याची चालढकल नको.

तर नळी हलवा. दुपारी बाराला झाडाची सावली पडते तिच्या कडेला, दोन्ही बाजूंनी. एकदम नको, आधी एक बाजू, पंधरवड्यानं दुसरी. झाड दचकतं असा माझा अनुभव आहे, पुस्तकात असेल नसेल. पाणी रात्री किंवा पहाटे. दुसऱ्या दिवशी कडेची वीतभर खोलची माती मुठीत दाबा. लाडू झाला तर पाणी नको, भुगा झाला तर द्या. दुपारी पान मिटलं तर घाबरू नका, सकाळी सातलाही मिटलेलंच असेल तर झाड खरंच तहानलं.

नळी सरकवली की त्या पट्ट्यावर उसाचं पाचट किंवा गव्हाचं काड चार ते सहा बोटं जाड. खोडापासून वीतभर मोकळं. वाळवीवर नजर.

बाकी नेहमीची कामं:
– केओलिन ५ टक्के (१० लिटरला ५०० ग्रॅम), फळांवर, ऊन चढण्याआधी. दुसरी फवारणी निम्म्या प्रमाणात
– पोटॅशियम नायट्रेट १ टक्का, १० लिटरला १०० ग्रॅम
– खोडाला बोर्डो पेस्ट: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी
– तण उपटू नका, कापून तिथंच पसरा
– फिल्टर दर आठवड्याला धुवा
– नवी लागवड पावसावर ढकला

केओलिन म्हणजे पांढरी माती, परवडते. तेच पांढरं द्रावण रंगीत लेबल लावून चौपट भावात कुणी दिलं तर डब्यावरचा घटक वाचा, मग पैसे काढा. आणि फवारणीच्या आधी एकदा खुरपं घेऊन घेराच्या कडेला बसा. उकरायला पाच मिनिटं लागतात.