अहमद जाहूचा खेळ कसा पाहावा

2017 मध्ये मोरोक्कोहून एफसी गोवा संघात दाखल झालेला फुटबॉलपटू अहमद जाहू 2020 मध्ये मुंबई सिटीकडे आणि 2023 मध्ये ओडिशा एफसीकडे गेला. या तिन्ही संघांत त्याचे मुख्य काम एकच राहिले: बचावफळीच्या पुढे उभे राहून संघाच्या खेळाला सुरुवात करून देणे. असा खेळाडू सामन्याच्या ठळक क्षणचित्रांत फारसा दिसत नाही, आणि दिसला तरी बहुधा कार्ड मिळाल्यामुळेच दिसतो. म्हणून त्याची कारकीर्द समजून घ्यायची असेल, तर ती पाहण्याची पद्धतच थोडी बदलावी लागते.

आधी संघ आणि प्रशिक्षक यांचा क्रम मनात पक्का करावा. भारतात येण्यापूर्वी जाहू मोघ्रेब तेतुआनसारख्या मोरोक्कन क्लबकडून खेळला होता. त्याला गोव्यात आणणारे स्पॅनिश प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांचा आग्रह असा, की चेंडू गोलरक्षकापासून छोट्या पासांनी पुढे न्यायचा. त्या खेळाला दडपणाखालीही स्वतःकडे चेंडू मागणारा एक माणूस लागतो, आणि तो जाहू होता. 2019 चा सुपर कप आणि 2019-20 मधील लीग विजेत्यांची ढाल (साखळी फेरीत अव्वल ठरणाऱ्या संघाला मिळणारी) गोव्याने या घडणीतून जिंकली, जरी ढाल हाती येण्याआधीच, जानेवारी 2020 च्या अखेरीस, लोबेरांना पदावरून दूर करण्यात आले होते. पुढे लोबेरा मुंबई सिटीत गेले, तेव्हा जाहूबरोबर गोवा संघातलेच मुर्तदा फॉल, ह्युगो बुमूस आणि आपला गोमंतकीय मंदार राव देसाई हेही तिकडे गेले. हा क्रम लक्षात असला म्हणजे मुंबईचा संघ पहिल्याच हंगामात इतका जुळून आलेला का वाटला, हे वेगळे सांगावे लागत नाही.

त्यानंतर एक सामना निवडून तो पूर्ण पाहावा. माझी शिफारस 13 मार्च 2021 रोजी फातोर्ड्याच्या स्टेडियमवर झालेल्या इंडियन सुपर लीगच्या अंतिम सामन्याची आहे. साथीमुळे तो संपूर्ण हंगाम गोव्यातच, प्रेक्षकांविना खेळवला गेला होता. मुंबई सिटीने एटीके मोहन बागानला 2-1 असे हरवले आणि ढाल व चषक एकाच हंगामात जिंकणारा पहिला संघ होण्याचा मान मिळवला. जाहूची ताकद आणि त्याच्या खेळातला धोका या एका सामन्यात अकरा मिनिटांच्या अंतराने दिसतात.

18 व्या मिनिटाचा प्रसंग दोनदा पाहावा. मुंबई आपल्याच गोलजवळून खेळ उभारत असताना प्रतिस्पर्धी आघाडीपटू जाहूवर धावून जातात, चेंडू त्याच्या पायातून सुटतो आणि डेव्हिड विल्यम्स गोल करतो. पहिल्यांदा पाहताना सगळा दोष जाहूला द्यावासा वाटतो. दुसऱ्यांदा पाहताना नजर चेंडूवरून काढून त्याच्या सहकाऱ्यांवर ठेवावी: त्या क्षणी त्याचा पास घ्यायला कोण मोकळे होते, आणि कोणी आपली जागा सोडून त्याला पर्याय उभा केला का? चूक त्याचीच होती, यात वाद नाही. परंतु ती ज्या कामातून झाली, ते काम त्याच्यावर मुद्दाम सोपवलेले होते.

आता 29 वे मिनिट. चूक केलेला खेळाडू अशा वेळी सहसा जवळचा, बिनधोक पास शोधतो. जाहू मात्र बचावफळीच्या मागे धावणाऱ्या बिपिन सिंगच्या दिशेने लांब चेंडू टाकतो, आणि तो अडवण्याच्या प्रयत्नात मोहन बागानचा बचावपटू तिरी याच्या डोक्याला लागून चेंडू त्याच्याच संघाच्या जाळ्यात जातो. नोंदवहीत हा स्वयंगोल म्हणून लिहिला गेला, त्यामुळे जाहूच्या नावावर काहीच जमा झाले नाही. आकडेवारीवरून मध्यरक्षक जोखणाऱ्यांनी हा प्रसंग जरूर ध्यानात ठेवावा. विजयी गोल बिपिनने 90 व्या मिनिटाला केला.

उरलेल्या वेळात एकच सवय लावून घ्यावी: चेंडू जाहूकडे येण्याच्या दोन-तीन क्षण आधी त्याच्याकडे पाहावे. तो मान वळवून मागे कोण आहे हे बघतो का, शरीर कोणत्या बाजूला उघडे ठेवतो, दोन बचावपटूंच्या मध्ये उतरतो की त्यांच्या पुढे थांबतो, यावरून पुढचा पास कुठे जाणार याचा अंदाज येऊ लागतो. दूरचित्रवाणीवरील कॅमेरा चेंडूमागे धावत असल्यामुळे हे घरी बसून अर्धेच दिसते. फातोर्डा किंवा अंधेरीच्या स्टेडियमवर सामना पाहण्याची संधी मिळाली, तर जमेल तितक्या वरच्या रांगेत बसावे. तिथून संघाची ठेवण एका नजरेत सामावते.

कार्डांचा हिशेब टाळू नये. मार्च 2019 मध्ये मुंबईत झालेल्या इंडियन सुपर लीगच्या अंतिम सामन्यात जाहूला जादा वेळेत दुसरे पिवळे कार्ड मिळाले, दहा खेळाडूंचा गोवा उरलेला वेळ झुंजला आणि 117 व्या मिनिटाला राहुल भेकेच्या हेडरवर बंगळुरूने चषक नेला. नोव्हेंबर 2020 मध्ये मुंबई सिटीच्या पहिल्याच सामन्यात, नॉर्थईस्ट युनायटेडविरुद्ध, त्याला मध्यंतरापूर्वी थेट लाल कार्ड दाखवले गेले आणि मुंबई तो सामना 1-0 ने हरली. प्रत्येक फाउल पाहताना दोन प्रकार वेगळे करावेत. प्रतिहल्ला रोखण्यासाठी मैदानाच्या मध्यात जाणूनबुजून केलेला फाउल हा या जागेच्या कामाचा भाग आहे. रागाने किंवा उशिरा पोहोचून केलेला फाउल हे संघाचे निव्वळ नुकसान. जाहूकडे दोन्ही प्रकार सापडतात, आणि त्याच्यावर मनापासून प्रेम करणाऱ्या गोवा-मुंबईच्या चाहत्यांनीही दुसऱ्या प्रकाराला पहिल्याचे नाव देऊ नये, असे मला वाटते.

शेवटी प्रशिक्षक बदलल्यावरचा जाहू पाहावा. ऑक्टोबर 2021 पासून मुंबई सिटीची सूत्रे डेस बकिंगहॅम यांच्याकडे होती. त्यांच्या हाताखाली संघाने 2022 मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये इराकच्या अल-कुवा अल-जाविया संघाला 2-1 ने हरवून या स्पर्धेत सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब होण्याचा मान मिळवला, आणि 2022-23 मध्ये पुन्हा ढाल जिंकली. या काळातील एखादा सामना लोबेरांच्या काळातील सामन्याशेजारी ठेवावा आणि जाहू चेंडू किती खालून घेतो, त्याच्या शेजारी कोण उभे राहते आणि लांब पासांची दिशा बदलते का, एवढ्या तीन गोष्टी टिपून घ्याव्यात. तसेच ओडिशात लोबेरांबरोबर तो पुन्हा एकत्र आल्यानंतरचा एक सामना घेतला, तर प्रशिक्षकाने शिकवलेले कोणते आणि त्याचे स्वतःचे कोणते, हे बऱ्याच अंशी वेगळे काढता येते.