'नाही' आणि 'नोंद नाही'

मनोरुग्णांच्या निवासी केंद्रांची तपासणी करायला पहिल्यांदा निघालेल्यांचे अलीकडे मला फोन येतात. एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेऊन दोन-तीन वर्षं झालेली पोरं असतात, कुठल्यातरी पथकात नाव लागलेलं असतं, आणि प्रश्न एकच: "ताई, तुमच्याकडे चेकलिस्ट आहे का?"

आहे. देत नाही. माझ्या पहिल्या तपासणीला मी अशीच कुणाची तरी व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली चेकलिस्ट घेऊन गेले होते. केंद्रचालकांनी हसून स्वागत केलं, खुर्ची दिली, आणि टेबलावर एक फाइल ठेवली. फाइलमध्ये माझ्याच यादीतले मुद्दे, त्याच क्रमाने, प्रत्येकापुढे एक कागद. ती यादी त्यांच्याकडे माझ्याआधी पोचली होती. मी तासभर कागदाला कागद जुळवत बसले आणि मनात म्हणत होते, किती नीटनेटकं आहे सगळं.

कायदा तुम्ही वाचला असेल असं धरते. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७ चा, लागू झाला २९ मे २०१८ पासून. नोंदणी कलम ६५, दर तीन वर्षांचं ऑडिट ६७, तपासणी आणि चौकशी ६८. सगळा वाचायला वेळ नसेल तर कलम २० (रुग्णाला माणसासारखं वागवण्याचं) आणि ९७ (बांधून ठेवण्याचं) ही दोन तरी एसटीत बसल्यावर वाचा. आणि एक लक्षात ठेवा, दारावरची पाटी काहीही असो. 'वृद्धाश्रम', 'व्यसनमुक्ती केंद्र', 'सेवाधाम', काहीही. मानसिक आजार असलेल्या माणसांना उपचारासाठी किंवा पुनर्वसनासाठी जिथे ठेवलं जातं, ती जागा या कायद्यात येते. नातेवाइकांसोबत किंवा मित्रांसोबत राहायचं घर तेवढं वगळलंय. दारू आणि ड्रग्जमुळे झालेल्या मानसिक अवस्थाही व्याख्येतच आहेत. "आमचं हॉस्पिटल नाही हो मॅडम, आम्ही फक्त सांभाळतो," हे वाक्य ऐकलं की समजायचं, नोंदणी नाही.

आता माझी चूक. ही मी लांबण लावून सांगणार आहे, कारण बाकी सगळं चुकत-माकत शिकता येतं, हे चुकलं तर भोगतं दुसरंच कुणीतरी.

घाट उतरल्यावर हायवेपासून आत, उसाच्या फडांमधलं केंद्र. पंचेचाळीसेक माणसं, दोन हॉल, पुरुषांचा खाली, बायकांचा वर. पथकात एक मनोविकारतज्ज्ञ, एक सरकारी अधिकारी आणि सामाजिक संस्थेतर्फे मी. नोंदवह्या माझ्याकडे आल्या. त्यात एक बंधनाची वही, म्हणजे रुग्णाला बांधावं लागलं तर कुणी सांगितलं, का, किती वाजता बांधलं, किती वाजता सोडलं, हे लिहायची. लाल कापडी बांधणी, आखलेले रकाने, पहिल्या पानावर शिक्का. आत वर्षभर एकही नोंद नाही. मला बरं वाटलं. अहवालात मी लिहिलं: "केंद्रात बंधनाचा वापर केला जात नाही."

चार महिन्यांनी तिथल्या एका रुग्णाच्या बहिणीने पुनरावलोकन मंडळाकडे, म्हणजे याच कायद्याखाली रुग्णांच्या तक्रारी ऐकणाऱ्या मंडळाकडे, तक्रार केली. भावाला रात्री खाटेला बांधतात. केंद्राने उत्तरात काय जोडलं असेल? माझा अहवाल. त्या एका वाक्याखाली पिवळी रेघ मारून.

मंडळाचे अध्यक्ष निवृत्त जिल्हा न्यायाधीश होते. चढ्या आवाजात बोलत नसत. त्यांनी विचारलं, "बाई, तुम्ही हे पाहिलं होतं की वाचलं होतं?"

"वाचलं होतं."

"काय वाचलं होतं?"

मी म्हटलं, "वही कोरी होती."

त्यावर ते काही बोलले नाहीत, नुसतं लिहून घेतलं. ती बहीण समोर बसली होती. तिच्याकडे मी पाहिलं नाही, एवढं खरं सांगते.

नीट समजून घ्या. "बांधत नाहीत", "बांधल्याची नोंद नाही" आणि "मी पाहिलं तेव्हा कुणी बांधलेलं नव्हतं" ही तीन वेगळी वाक्यं आहेत. पहिलं लिहायचा अधिकार तुम्हाला जवळजवळ कधीच नसतो. दिवसा चार तास तिथे काढून वर्षभराच्या रात्रींबद्दल तुम्ही कसं बोलणार? दुसरं वहीबद्दल आहे, माणसांबद्दल नाही. तिसरं खरं आहे, पण वेळ घातल्याशिवाय त्याला किंमत नाही: "सकाळी अकरा ते दुपारी तीन". तपासणीला आलेल्या नव्या माणसाचा हात आपोआप पहिल्या वाक्याकडे जातो, कारण ते वाचायला स्वच्छ वाटतं, साहेबाला आवडतं, आणि चहा पाजलेल्या माणसाचं मनही राखलं जातं.

आणि त्याच दिवशी तिथे सगळं माझ्या डोळ्यासमोर होतं. हे जास्त लागतं. रात्रपाळीच्या नोंदींमध्ये दर आठ-दहा दिवसांनी एक ओळ होती: "रात्री आरडाओरडा केला. शांत केले." मी ती वाचून पान उलटलं होतं. शांत केले म्हणजे कसं केलं? समजूत घालून? इंजेक्शन देऊन? मग ते कुणी लिहून दिलं होतं? एवढा एक प्रश्न विचारला असता तर वही कोरी का आहे ते तिथेच कळलं असतं. पुढे मंडळाने पुन्हा पाहणी लावली तेव्हा मी खालच्या हॉलमध्ये गुडघ्यावर बसून खाटा पाहिल्या. लोखंडी खाटा, हिरवा रंग. भिंतीकडच्या दोन खाटांच्या पायांवर वीतभर उंचीला रंग गोल उडालेला, आतलं लोखंड गुळगुळीत झालेलं. बाकीच्या खाटांना तसं नाही. गादीखाली सुती साडीच्या काठाच्या पट्ट्या, घडी घालून ठेवलेल्या. पट्टीच्या मधल्या भागाला चुण्या पडल्या होत्या, धुऊनही न गेलेल्या. अटेंडंट म्हणाला, "ताई, साखळी नाही वापरत आम्ही." खरं होतं. साखळी कलम ९५ ने बंदच आहे. त्याला वाटत होतं, कापड म्हणजे माया.

मग त्याने सांगितलं, "रात्री आम्ही दोघंच असतो. काय करणार?" त्याच्यावर मला रागावता आलं नाही. पण कलम ९७ मध्ये स्वच्छ लिहिलंय की माणसं कमी आहेत म्हणून बांधायचं नाही. शिक्षा म्हणूनही नाही. कुणाला तत्काळ इजा होणार असेल आणि दुसरा मार्गच नसेल तरच, तेही मनोविकारतज्ज्ञांच्या परवानगीने, आणि चोवीस तासांत रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला, म्हणजे त्याच्या बाजूने बोलायला नेमलेल्या माणसाला, कळवून. दरमहा मंडळाला त्याचा अहवाल जायला हवा. म्हणून हल्ली मी वही उघडण्याआधी डॉक्टर कुठल्या वारी येतात ते विचारते. बुधवार-शनिवार येत असतील तर रविवारी रात्री परवानगी कुणी दिली? एका ठिकाणी आधीच सही केलेले कोरे फॉर्म सापडले, सहा, एकाच निळ्या पेनने. वहीत नोंदी असलेलं केंद्र मला कोऱ्या वहीवाल्या केंद्रापेक्षा बरं वाटतं. ते निदान लिहितात.

बाकीचं भराभर सांगते. ऑफिसात बसू नका, आधी संडास-बाथरूम बघा: आतून कडी आहे का, बादल्या किती, साबण ओला आहे की आपण येणार म्हणून आजच कागदातून काढलाय. दात घासायचे ब्रश मोजा आणि माणसं मोजा. सगळ्यांचे केस एकाच मापाचे असतील तर विचारा; "उवा होतात" हे उत्तर मिळेल, पण सक्तीने डोकं भादरायला कायद्याने मनाई आहे. गणवेशाचीही सक्ती नाही. बायकांच्या मजल्यावर पॅड कुठे ठेवतात ते बघा. एकीकडे ते ऑफिसच्या कपाटात होते आणि चावी वॉचमनकडे. स्वयंपाकघरात पोळ्या लाटणारी बाई कर्मचारी आहे की रुग्ण? रुग्ण असेल तर तिला पैसे मिळतात का? "ही तिची थेरपी आहे" असं सांगतील. थेरपी असेल, पण सक्ती नको आणि कामाचा मोबदला हवा, दोन्ही कलम २० मध्येच आहे.

आणि शक्य असेल तर पहाटे जा. तमिळनाडूत रामनाथपुरम जिल्ह्यातल्या एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे मनोरुग्णांना ठेवलेल्या शाकारलेल्या शेडला आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेली २८ माणसं गेली. पहाटेच्या वेळी केंद्र कसं असतं, कुलूप कुठल्या दाराला आहे, चावी कुणाच्या कमरेला आणि तो झोपलाय कुठे, हे दुपारच्या भेटीत दिसत नाही. मी सहा-साडेसहाला पोचायचा प्रयत्न करते. रात्रपाळीचा माणूस जायच्या तयारीत असतो, दमलेला असतो, खोटं बोलायला त्याच्यात जीव नसतो.

वरिष्ठांबद्दल माझं मत विचारलं नाहीत तरी सांगते. पथकातले ज्येष्ठ तुम्हाला शिकवतील असं धरून चालू नका. काही फार मोठ्या मनाचे असतात. माझ्या एक मॅडम होत्या, त्यांनी मला एकच शिकवलं, की रुग्णाशी बोलताना खुर्ची त्याच्या समोर नाही, बाजूला ठेवायची, म्हणजे दोघांना दार दिसतं. अजून तसंच करते. पण काही ज्येष्ठ बाराला पोचतात, एकला पंगतीला बसतात, आणि दोनला "बाकी तू बघून घे गं" म्हणून गाडीत जाऊन झोपतात. चहा घ्या, हरकत नाही. जेवण मात्र केंद्रचालकांच्या टेबलावर घेऊ नका. डबा न्या. किंवा रुग्णांच्या पंगतीत त्यांच्याच ताटात जेवा. आमटीची चव कुठल्याही रकान्यात मावत नाही.

पहिल्या दोन-तीन भेटींनंतर झोप लागत नाही. लागू नये असं म्हणणार नाही, पण लागत नाही. कुणीतरी हात धरून "ताई, मला घेऊन चला" म्हणणारच. "हो, बघते" म्हणू नका. मी म्हटलं होतं एकदा. पुढच्या वेळी तो माणूस पिशवी भरून दारात उभा होता. खरं ते सांगा: मी नेऊ शकत नाही, पण तुम्ही अर्ज करू शकता, तो लिहायला मी आता मदत करते. स्वतःच्या सहीने दाखल झालेल्या माणसाला, म्हणजे कलम ८६ वाल्याला, जायचा हक्क आहे. घरचे नेत नाहीत एवढ्याच कारणाने कुणाला आत ठेवता येत नाही, हे कलम १९ मध्ये लिहिलंय. जायचं कुठे, ते मात्र कलमात सापडत नाही. म्हणून केंद्र बंद पाडणं हा विजय समजू नका. मी एक बंद होताना पाहिलंय. टेम्पोत बसवलेल्या माणसांच्या मांडीवर ज्याच्या-त्याच्या औषधांची पुडी होती आणि दोघांच्या पुड्या बदललेल्या होत्या.

तुम्हाला मनोविकारशास्त्र येत नाही म्हणून घाबरला असाल तर घाबरू नका. पथकात डॉक्टर असतो. तुमचं काम वेगळं आहे. तुमचे कान शाबूत असले आणि लिहायची घाई नसली की भागतं. चुकाल. मी तर छापील चुकलेय, शिक्क्यासकट.

हल्ली मी एक करते. रुग्णाने सांगितलेलं जे लिहिलं असेल ते तिथेच त्याला वाचून दाखवते. सुरुवात मी केली नाही, एका आजोबांनी करायला लावली. साठीच्या पुढचे, पूर्वी गिरणीत होते, केंद्रात बरीच वर्षं. मी लिहीत असताना ते वहीकडे बघत होते. म्हणाले, "काय लिहिलं ते वाचा की."

मी वाचलं: "दिवसातून दोनदा चहा मिळतो, असे सांगितले."

"असं कुठं सांगितलं मी?" ते म्हणाले. "दोनदा चहा होतो, असं सांगितलं. आम्हाला एकदा मिळतो. चारचा स्टाफचा असतो."

मी खोडून पुन्हा लिहिलं. त्यांनी तेही वाचायला लावलं.